पासिंगच्या दिवशी ब्रेक बूस्टर काढून ठेवायचा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात जुन्या गाड्यांच्या रॅलीचे फोटो आले होते, बघून फार बरं वाटलं, पण फोटोखाली लिहिलं होतं की या गाड्या कंपनीतून आल्या तशाच जपल्यात, आणि ती ओळ वाचल्यावर माझ्या जीपच्या ब्रेक बूस्टरबद्दल आणि आरटीओच्या पासिंगबद्दल गेले सहा महिने डोक्यात घोळतंय ते लिहायला बसलोच. पत्र लांब होणार आहे. जागा कमी पडली तर कुठंही कापा पण पुश रॉडचा, म्हणजे बूस्टरमधल्या एका दांडीचा, भाग तेवढा ठेवा, तो वाचून एखादी गाडी घाटात वाचेल असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे १९६८ ची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे, वडिलांनी घेतलेली. उंच बॉनेटची, पेट्रोलवरची, २.२ लिटरचं हरिकेन इंजिन. चारी चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या पण खाली चेसिसला बोल्ट केलेला, त्यामुळे ब्रेक ऑइल बघायचं झालं तर मॅट उचलून पत्र्याचं झाकण काढावं लागतं आणि पावसाळ्यात रस्त्यावरचा सगळा चिखल त्याच्यावरच बसतो. ब्रेक ऑइलची लाइन एकच, तीच चारी चाकांना जाते, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला, मग उरतो फक्त हँडब्रेक, आणि तोही या जीपला चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. वडील याच ब्रेकवर चाळीस वर्षं फिरले हे खरं आहे, पण तेव्हा कोल्हापूर ते आजरा रस्त्यावर समोरून येणारी गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची, आता तसं राहिलं नाही.

आता जीप जास्त करून मुलगीच चालवते. वय २४, वजन ४८ किलो. मागच्या वर्षी आजऱ्याच्या अलीकडे उसाच्या फडातून म्हैस एकदम आडवी आली, मी शेजारी बसलेलो, पोरीने दोन्ही पाय ब्रेकवर दिले, स्टिअरिंगला धरून सीटवरून अर्धी उठून उभी राहिली तेव्हा कुठं जीप थांबली, म्हैस आणि बंपर यात हातभर अंतर होतं. ती काही बोलली नाही, जीप बाजूला घेतली आणि पायाच्या पिंढऱ्या चोळत बसली. त्या दिवशी मी ठरवलं की जीपला बूस्टर बसवायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, आत मधोमध रबराचा पडदा. इंजिन हवा ओढतं तेव्हा मॅनिफोल्डमधे, म्हणजे हवा आत जायच्या नळकांड्यात, व्हॅक्यूम तयार होतो, तो नळीने या डब्यात आणायचा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असला की पडदा निवांत असतो, पेडल दाबलं की मागच्या बाजूची झडप उघडते, बाहेरची हवा आत शिरते आणि तिच्या दाबाने पडदा पुढे ढकलला जातो, तो जोर तुमच्या पायाच्या जोरात मिळतो. ७ इंची पडदा आणि तब्येतीने बऱ्या इंजिनाचा १८ इंच व्हॅक्यूम (तो पाऱ्याच्या इंचात मोजतात) धरला तर हा जोर दीडशे किलोच्या आसपास भरतो. माझ्या जीपचा मास्टर सिलेंडर १ इंच बोअरचा, म्हणजे आतून १ इंच व्यासाचा, पायाने ३० किलो दाब दिला आणि पेडलच्या लिव्हरने त्याचे सहापट झाले तर लाइनमधे साधारण ३५ किलो दर चौरस सेंटिमीटर दाब येतो, बूस्टर लावल्यावर, लिव्हर तोच ठेवला तर, तेवढ्याच पायाला ६५. जवळजवळ दुप्पट.

हा दुप्पट आकडा ऐकून सगळे खूश होतात, मी पण झालो होतो, पण हा दाब सोसणार कोण तर ५५ वर्षांचे स्टीलचे पाइप, कडक झालेले रबरी होज आणि चाकांतले आतून गंजलेले व्हील सिलेंडर. म्हणून बूस्टरचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हे आहे की आधी चारी चाकांचं काम करा, पाइप नवे, होज नवे, सिलेंडर आणि किट नवी, ड्रमला आतून घासणारे लायनर चारी चाकांना एकाच जातीचे, ड्रम लेथवर घासून गोल करून घ्या, त्यानंतर बूस्टरचं नाव काढा. ड्रम अंडाकृती असेल किंवा एका बाजूच्या लायनरला तेल लागलं असेल तर साध्या ब्रेकला गाडी एका बाजूला थोडी ओढते, बूस्टरला ती हातातून स्टिअरिंग काढून घेते.

मी मात्र घाई केली. एका वर्कशॉपमधे गेलो, नाव लिहित नाही, माणूस कामसू होता आणि त्याने मला फसवलं असंही मी म्हणणार नाही, त्याने जे दहा जीपांना केलं तेच माझ्या जीपला केलं. भंगारातून एका छोट्या हॅचबॅकचा बूस्टर आणला, त्याच्याच तोंडाला त्याच गाडीचा डबल लाइनचा मास्टर सिलेंडर होता, फ्लोअरखाली ३ मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट वेल्डिंग करून तो जोडला, व्हॅक्यूम घेतला वायपरच्या नळीतून. या जीपचा वायपर व्हॅक्यूमवर चालतो ना, तर त्याला वाटलं तीच नळी फोडली की झालं. दोन तासांत काम उरकलं, वर्कशॉपच्या बाहेर चक्कर मारली, पेडल लोण्यासारखं, मी पैसे दिले आणि घरी आलो.

आठ दिवसांनी सावंतवाडीला लग्नाला निघालो. आंबोलीपर्यंत रस्ता पठारावरचा, काही कळलं नाही. आंबोलीनंतर घाट उतरायला लागलो, दुसऱ्या गिअरवर, मधे मधे ब्रेक, आणि धबधब्याच्या जरा खाली मुलगी म्हणाली बाबा जीप ओढत नाहीये. मी म्हणलं उताराला कशाला ओढायला पाहिजे. तिने गिअर न्यूट्रल केला, ब्रेकवरचा पाय काढला आणि भर उतारावर जीप जागची हलेना. चारी चाकं धरलेली. खाली उतरलो तर लायनर जळाल्याचा वास, पुढच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर तव्यावर शिंपडल्यासारखं चुर्र करून उडालं.

चाकांना मोठे दगड लावले, जीपखाली झोपलो. पुढच्या चाकाचा एअर काढायचा निपल पान्याने अर्धा आटा सैल केला तर ब्रेक ऑइलची धार हातभर उडाली आणि ते चाक मोकळं झालं. म्हणजे पाय काढल्यावरसुद्धा लाइनमधे दाब अडकून राहिला होता. मग बूस्टर आणि मास्टर सिलेंडर जोडणारे दोन नट थोडे सैल केले तशी बाकीची चाकं पण सुटली. तिथंच कळलं काय झालंय ते. दोघांच्या मधे एकेक वॉशर घातला, नट आवळले, निपल बंद केला, ऑइल भरलं, अर्धा तास ड्रम गार होऊ दिले आणि पहिल्या गिअरवर खाली गेलो. लग्न लागून गेलं होतं.

झालं होतं असं की बूस्टरच्या पुढून एक दांडी बाहेर येते, पुश रॉड, ती मास्टर सिलेंडरच्या पिस्टनला ढकलते. पाय पेडलवर नसताना ही दांडी आणि पिस्टन यात अर्धा ते एक मिलिमीटर फट पाहिजे म्हणजे पाहिजेच. फट असली की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि आतलं एक बारीक भोक उघडं राहतं, त्या भोकातून लाइनमधलं जास्तीचं ऑइल परत टाकीत जातं. दांडी केसभर लांब झाली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं, मग ब्रेक तापला की ऑइल फुगतं, फुगलेल्या ऑइलला जायला वाट नाही, ते लायनर दाबतं, लायनर अजून तापतात, ऑइल अजून फुगतं. सपाट रस्त्यावर गावात ही चूक महिना महिना कळत नाही. घाटात अर्ध्या तासात कळते. आणि आमची जीप धरून राहिली हे नशीब, तेच ऑइल जुनं पाणी शोषलेलं असतं आणि उकळलं असतं तर पेडल थेट तळाला गेलं असतं. डॉट ३ जातीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशाला उकळतं पण पाणी शोषल्यावर १४० लाच, आणि आपल्याकडे कोकणातल्या पावसात ते पाणी किती पटकन शोषत असेल याचा विचार करा. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, गाडी उभी असली तरी.

ही फट मोजायची कशी हे मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर लेथवाल्या काकांनी शिकवलं, त्यांना गेज वगैरे काही लागलं नाही. म्हणाले घरून कणीक घेऊन ये. चपातीसाठी मळलेली कणीक, जरा घट्ट, तिची वाटाण्याएवढी गोळी केली, कोरड्या पिठात घोळवली म्हणजे चिकटत नाही, आणि मास्टर सिलेंडरच्या पिस्टनला मागून जो खड्डा असतो त्याच्या तळाशी ठेवली. मग सिलेंडर बूस्टरला पूर्ण आवळून बसवला आणि परत खोलला. दांडी आणि पिस्टनच्या मधे कणीक चेपून जेवढी जाड राहते तेवढीच फट. पहिल्यांदा केलं तेव्हा गोळीला आरपार भोक पडलं होतं, दांडी पिस्टनला भिडून वर दाबत होती. मग दांडीच्या टोकाचा नट फिरवून थोडी थोडी आत घेतली, दर वेळी नवी गोळी, चौथ्या वेळी चकती अखंड बाहेर आली, कॅलिपरने मोजली तर पाऊण मिलिमीटर. एवढं साधं काम आहे, पंधरा मिनिटांचं, आणि ते न केल्याने चार माणसं घाटात अडकली होती. मी त्या वर्कशॉपला परत जाऊन हे सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आता ते पण मोजतात.

मग सगळं काम नव्याने केलं, काकांच्या सल्ल्याने. ब्रॅकेट ६ मिलिमीटर प्लेटचा, दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या, आणि चेसिसला एकही नवं भोक न पाडता जुन्या मास्टर सिलेंडरच्याच भोकांत बोल्ट. आधीच्या पट्टीच्या ब्रॅकेटचं काय होत होतं ते मुलीने टॉर्च घेऊन खालून बघितलं होतं, मी वरून पेडल दाबलं की अख्खा बूस्टर पुढे सरकायचा, म्हणजे पायाचा अर्धा जोर पट्टी वाकवण्यातच जात होता. हॅचबॅकचा मास्टर सिलेंडर पण काढला. तो पुढे डिस्क असलेल्या गाडीचा, बोअर लहान, आमच्या चारी ड्रमना जेवढं ऑइल ढकलावं लागतं तेवढं तो एका दमात ढकलू शकत नव्हता म्हणून पेडल खोल जायचं. त्याच्या जागी १ इंच बोअरचा डबल लाइनचा बसवला, पुढची चाकं एका लाइनवर, मागची दुसऱ्या. बूस्टरपेक्षा खरं तर या डबल लाइनचंच मला जास्त समाधान आहे, अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून सगळ्या कंपन्यांनी ती द्यायला सुरुवात केली होती आणि आमची जीप त्यानंतरची असूनसुद्धा एकाच लाइनवर होती.

व्हॅक्यूम वायपरच्या नळीतून घ्यायचा नाही, ती फार बारीक असते, एकदा ब्रेक दाबला की डबा परत रिकामा व्हायला वेळ लागतो आणि लगेच दुसऱ्यांदा दाबला तर मदत मिळत नाही. हरिकेन इंजिनाचा इनटेक हेडमधेच ओतलेला असतो, वेगळा मॅनिफोल्ड नाही, म्हणून कार्ब्युरेटरच्या खाली अॅल्युमिनियमची प्लेट करून तिला जाड नळीचं तोंड काढलं, मधे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. फ्लोअरखालचा बूस्टर हवा ओढतो ती चिखलपाण्याची ओढू नये म्हणून त्याच्या श्वासाची नळी वर केबिनमधे आणली, आणि सायलेन्सर पाइपच्या बाजूला पत्र्याची आड केली. व्हॅक्यूम गेज लावून बघा, हे मी सगळ्यांना सांगतो. इंजिन घासलेलं असेल तर १४-१५ इंचच मिळतो आणि उंचीवर अजून कमी होतो, दर हजार फुटाला साधारण एक इंच, म्हणजे महाबळेश्वरला गेलात तर समुद्रसपाटीच्या मानाने चार इंच गेलेच. कोल्हापुरात बरा वाटलेला बूस्टर तिथं लंगडा पडतो.

भंगारातला बूस्टर घेताना तोंडाला बोट घालून आत ओल आहे का बघा. मास्टर सिलेंडरचा मागचा सील गळला की ऑइल जमिनीवर पडत नाही, गुपचूप बूस्टरच्या पोटात जातं आणि पडदा खाऊन टाकतं. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर बूस्टर नुसता शोभेचा आहे.

ज्यांच्या जीपला मागून डिझेल इंजिन बसवलंय त्यांच्यासाठी वेगळं लिहायला पाहिजे. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी थ्रॉटलची झडप नसते म्हणून त्याच्या मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूमच तयार होत नाही. त्याला अल्टरनेटरच्या पाठीवर येतो तो व्हॅक्यूम पंप लागतो. मी स्वतः एक जीप बघितलीय जिच्यात बूस्टरची नळी डिझेलच्या इनटेकला नेऊन जोडली होती आणि मालकाला कुणीतरी सांगितलं होतं की सवय झाली की पेडल हलकं वाटेल. आणि पंप अल्टरनेटरवर असला तर पट्टा तुटल्यावर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदत पण जाते, म्हणून पट्टा घाटाच्या आधी बघायचा.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरायची सवय फार जुनी आहे, वडिलांच्या पिढीत तर सर्रास होती आणि अजून करणारे आहेत. बूस्टर बसवलेल्या गाडीत हे कधी म्हणजे कधी करू नका. इंजिन बंद झालं की डब्यात दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. त्यानंतर पेडल दगड होतं. आणि बूस्टर बसवताना पेडलचा लिव्हर कमी केलेला असतो, साध्या ब्रेकला सहास एक असेल तर बूस्टरला चारास एक ठेवतात, म्हणून मदत गेल्यावरचं पेडल पूर्वीच्या साध्या ब्रेकपेक्षाही जड लागतं. आमच्या घरी हा नियम किल्लीच्या कडीला चिठ्ठी लावून ठेवलाय कारण जीप कधी भाचा पण नेतो.

दुसरं, बूस्टरने ब्रेकची ताकद वाढली असं समजून कुणी घाटात जोरात जाऊ नका. बूस्टर पायाचं ओझं कमी करतो. ड्रम तेच, टायर तेच, उष्णता तेवढीच. माणसं-सामान धरून सव्वा टनाची जीप आंबोलीवरून साधारण ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सगळा भार ब्रेकवर टाकला तर जेवढी उष्णता होते तेवढ्यात तेवीस लिटर पाणी उकळेल, अंघोळीच्या मोठ्या बादलीएवढं. ही उष्णता चार छोट्या ड्रममधे कोंबायची का इंजिनला काही वाटून द्यायची हे ड्रायव्हरच्या हातात असतं. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरायचा, ते बूस्टर आल्यावरही तसंच आहे.

एवढं सगळं करून, पाच वर्षांचं पासिंग आलं म्हणून जीप घेऊन आरटीओत गेलो. कुठल्या ते लिहित नाही, कारण तक्रार एका साहेबांची नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले हे ओरिजिनल नाही, काढून आणा. मी म्हणलं साहेब ब्रेक लावून बघा. ते म्हणाले ब्रेक चांगला आहे का हा प्रश्नच नाही, कंपनीचा आहे का हा आहे. लेखी द्या म्हणलं तर लेखी काही नाही. बाहेर आलो तर जुन्या गाड्यावाले दोघे-तिघे मित्र म्हणाले त्यात काय एवढं, एक दिवस बूस्टर काढ, जुना मास्टर सिलेंडर लाव, पासिंग कर, घरी येऊन परत बसव, सगळे असंच करतात.

हे "सगळे असंच करतात" मला सहन होत नाही, संपादक साहेब. एका दिवसात ब्रेकची लाइन दोनदा उघडायची, दोनदा एअर काढायची, पन्नास वर्षांच्या सिलेंडरवर तपासणीला गाडी न्यायची आणि संध्याकाळी दमलेल्या हातांनी पुश रॉड परत जोडायचा, आणि कणीक कोण लावणार त्या वेळी? ज्या दिवशी सरकार गाडी सुरक्षित आहे का ते तपासणार त्याच दिवशी गाडी वर्षातली सगळ्यात असुरक्षित असणार. आणि ज्यांनी भंगारातला बूस्टर ३ मिलिमीटर पट्टीवर टांगलाय त्यांचं काम कधीच कुणाच्या नजरेला पडणार नाही, कारण तपासणीच्या दिवशी तो गाडीतच नसेल.

नियम मी शक्य तेवढे वाचले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेली आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेली माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही मूळ रचनेत फेरफार नको असं बजावलं. ते बरोबरच आहे, कारण लोक काय काय करतात ते रस्त्यावर दिसतं. पण नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन, सीट, वजन हे असतं, ब्रेकला बूस्टर आहे का नाही याचा रकाना माझ्या पुस्तकात तरी नाही. जुलै २०२१ मधे केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम आणले, २०,००० रुपये भरून १० वर्षांची नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं, त्यात म्हटलंय की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नको. चेसिसला भोक न पाडता, जुन्याच बोल्टवर बसवलेला, काढला तर गाडी तासाभरात पहिल्यासारखी होणारा बूस्टर हा यातला कुठला बदल? कुणी म्हणेल कुठलाच नाही, कुणी म्हणेल इंजिनातून नळी काढली म्हणजे इंजिनात बदल. दोन्ही उत्तरं मला दोन वेगळ्या अधिकाऱ्यांनी दिलीत.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, फिव्हाची, ट्यूरिन सनद आहे, तिच्यात याचा विचार केलेला आहे, सुरक्षेसाठी बदल करावाच लागला तर तो नजरेत न भरणारा, परत काढता येणारा असावा आणि मूळ पार्ट जपून ठेवावेत. आपल्या परिवहन खात्याने एवढंच एका परिपत्रकात लिहून द्यावं अशी माझी विनंती आहे. ब्रेकपुरती. मालकाने आधी अर्ज करायचा, कामाचे फोटो आणि जुने पार्ट दाखवायचे, अधिकाऱ्यांनी ब्रॅकेट, नळी, व्हॅक्यूम बघायचा, ठरलेल्या वेगाला गाडी किती मीटरात आणि सरळ थांबते का ते मोजायचं, इंजिन बंद करून पण थांबते का ते बघायचं, आणि पुस्तकात नोंद करायची. काम कच्चं असेल तर नापास करा, आम्ही दुरुस्त करून आणू. फी लावा, देऊ.

रॅलीचे परीक्षक असतात त्यांनाही हात जोडून सांगायचंय, बूस्टर दिसला की मार्क कापले जातात म्हणून पोरं तो काढून रॅलीला येतात आणि रॅली संपल्यावर पुण्यापर्यंत हायवेने तसेच जातात. ओरिजिनल ओरिजिनल म्हणताना हे पण बघा की गाडीच्या व्हॅक्यूम बूस्टरची कल्पना बेल्जियमच्या अल्बेर देवांद्र यांनी १९२७ च्या सुमारास आणली, सीजे-३बी जन्माला यायच्या किती आधी. आणि ज्या ओढीवर या जीपचा मूळ वायपर हलतो त्याच ओढीवर बूस्टर चालतो, जीपला परकं असं त्यात काही नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आता ही हौस वाढतेय. मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मधे शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आणि आता तरुण मुलं शोधून शोधून पद्मिनी घेतात, चारी चाकांना ड्रम असलेली गाडी एक्स्प्रेसवेवर नेतात आणि व्हिडिओ बघून बूस्टर बसवतात. त्यांनी बसवू नये असं मी म्हणणार नाही, त्यांच्या घरी पण ४८ किलोची बहीण किंवा गुडघा दुखणारे वडील असतील. त्यांनी तो उजेडात बसवावा आणि कुणीतरी जाणत्याने तपासावा.

पुढच्या महिन्यात जीप परत न्यायची आहे. बूस्टर जागेवर असेल. जुना मास्टर सिलेंडर आणि पेडलची जुनी दांडी ग्रीस लावून, प्लास्टिकात गुंडाळून मागच्या सीटखाली असेल, आणि कणकेची ती पाऊण मिलिमीटरची वाळलेली चकती मुलीने एका डबीत ठेवलीय ती पण नेणार आहे. चालवायला मुलगीच बसणार. साहेबांना विचारणार आहे की तुम्ही शेजारच्या सीटवर बसा, तिला सांगा कुठं थांबवायची ते, आणि मग जे काय असेल ते कागदावर लिहून द्या.

आपला,
एक जीपमालक, कोल्हापूर